डाळ का शिजत नाही?
गृहविज्ञानाच्या तासाला प्रश्न आधी, कृती नंतर

पाककृतीचे कोणतेही पुस्तक उघडा. वरण, आमटी, पुरणपोळी, काहीही काढा. पहिल्या दोन-तीन ओळींतच एक छोटे वाक्य सापडेल: ‘डाळ शिजवून घ्यावी.’ तीन शब्दांत काम संपले! पण घरी रोज डाळ शिजवणाऱ्या माणसाला विचारा. तीच डाळ, तेच पातेले आणि तोच गॅस असूनही एखाद्या दिवशी ती अर्ध्या तासात मऊ होते, तर एखाद्या दिवशी तासभर उकळूनही दाणे तसेच राहतात. असे का होते, याबद्दल पुस्तक गप्प असते.

पुण्याच्या कोथरूड भागात याचे एक कारण जवळजवळ प्रत्येक घराला ठाऊक आहे. तेथल्या पुष्कळ सोसायट्यांमध्ये दोन प्रकारचे पाणी येते. एक नळाचे, म्हणजे खडकवासल्याच्या धरणातून शुद्ध होऊन आलेले; दुसरे इमारतीच्या आवारातल्या बोअरचे. नळाला पाणी नसले आणि बोअरच्या पाण्यात डाळ टाकली, की घरातली आजी लगेच सांगते, “या पाण्यात डाळ शिजायची नाही.” आजीचे म्हणणे खरे आहे का? खरे असेल तर त्याचे कारण काय? आणि बोअरचे पाणी वापरण्यावाचून गत्यंतरच नसेल, तर काय करावे? या तीन प्रश्नांवर गृहविज्ञानाचा एक उत्तम धडा उभा राहू शकतो. तो कसा घ्यावा, हे या लेखात पाहू. धडा विद्यार्थ्यांचा आहे. पण शिक्षकांनीही लेख वाचावा, कारण त्यांचे काम यात अधिक अवघड आहे.

तास घेण्याच्या दोन रीती

पहिली रीत आपल्या परिचयाची आहे. बाई फळ्यावर कृती लिहितात. मुले ती वहीत उतरवतात. बाई पुढच्या टेबलावर पदार्थ करून दाखवतात, मुले पाहतात आणि पुढच्या आठवड्यात तसाच करतात. पदार्थ बाईंच्या पदार्थासारखा झाला तर गुण चांगले. या रीतीने हात तयार होतो, हे नाकारता येणार नाही. परंतु कृतीत नसलेली अडचण आली, की विद्यार्थी अडतो. बोअरच्या पाण्याची अडचण कृतीत नसतेच.

दुसऱ्या रीतीत कृती शेवटी येते. आधी प्रश्न येतो, आणि तो विद्यार्थ्यांच्या घरातून येतो. मग अंदाज, प्रयोग, मोजमाप आणि चर्चा. या सर्वांतून जे हाती लागेल, त्याची कृती विद्यार्थी स्वतः लिहितात. हिला विद्यार्थिकेंद्रित पद्धती म्हणतात. नाव भारदस्त असले तरी कल्पना साधी आहे: शिकण्याचे काम शिकणाऱ्याने करायचे.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी १८९६ मध्ये शिकागो विद्यापीठात एक प्रयोगशाळा-शाळा सुरू केली. तेथे स्वयंपाक, शिवण आणि सुतारकाम ही शिक्षणाची मुख्य साधने होती. ड्यूईंनी आपल्या ‘द स्कूल अँड सोसायटी’ या १८९९ च्या पुस्तकात या शाळेतील एक प्रसंग सांगितला आहे. स्वयंपाकाच्या वर्गात मुले प्रयोग करून अन्नाचे गुणधर्म शोधत होती. त्यांतले एक मूल कंटाळले आणि म्हणाले, एवढा खटाटोप कशाला, सरळ पुस्तकातली कृती करू या. शिक्षकांनी रागावण्याऐवजी मुलांनाच विचारले, की कृती मुळात आली कोठून? बोलता बोलता मुलांच्या ध्यानात आले, की नुसती कृती केली तर आपण काय करतो आहोत याचे कारण आपल्याला कधीच कळणार नाही. मग ती आपणहून प्रयोगाकडे वळली.

हिंगण्याच्या माळावर

योगायोग असा, की त्याच १८९६ साली आपल्या पुण्यातही एका मोठ्या कार्याचा आरंभ झाला. फर्ग्युसन महाविद्यालयातील गणिताचे प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. १९०० साली हा आश्रम पुण्याबाहेर, कोथरूडजवळच्या हिंगण्याच्या माळावर गेला. आज त्या परिसरालाच कर्वेनगर म्हणतात, आणि कोथरूडच्या चौकात महर्षी कर्व्यांचा पुतळा आहे. टोकियोमध्ये १९०१ साली निघालेल्या जपानी महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका अण्णासाहेब कर्व्यांच्या वाचनात आली. त्यातून प्रेरणा घेऊन त्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले. मातृभाषेतून शिक्षण हे त्याचे एक वैशिष्ट्य होते. गृहशास्त्र व आरोग्यशास्त्र यांना अभ्यासक्रमात स्थान दिले, हे दुसरे. घर चालवण्यातही शास्त्र आहे आणि ते उच्च शिक्षणाचा विषय होऊ शकते, हा विचार आपल्याकडे रुजवण्यात या विद्यापीठाचा वाटा मोठा आहे.

स्त्रियांसाठी वेगळा अभ्यासक्रम असावा की नाही, यावर त्या काळीही वाद झाला. पुढे कोठारी आयोगाने (१९६४–६६) गृहविज्ञान हा विषय ऐच्छिक असावा, मुलींवर त्याची सक्ती नसावी, असे सुचवले. हा वाद आपल्या धड्यापुरता असा मिटवता येईल: डाळ सर्वांनाच लागते, तेव्हा ती शिजवण्याचे शास्त्रही मुलगे आणि मुली या दोघांनी शिकावे, आणि प्रयोगानंतर भांडीही दोघांनी घासावीत.

धडा सुरू होतो

समजा, कोथरूडच्या एखाद्या शाळेत आठवीचा वर्ग आहे. आदल्या आठवड्यात बाईंनी एकच काम दिले आहे: ‘डाळ लवकर शिजावी म्हणून तुमच्या घरी काय करतात, ते विचारून या.’ उत्तरे तुम्हीही सांगू शकाल. कोणाकडे डाळ आधी भिजवतात. कोणाकडे पाण्यात हळद व तेलाचा थेंब टाकतात. कोणाकडे चिमूटभर सोडा. कोणी कुकरच्या तीन शिट्ट्या करते, कोणी पाच. कोणी म्हणते, मीठ आधी घालू नये. आणि बोअरचे पाणी नको, हे तर बहुतेक सगळेच म्हणतात.

बाई ही सर्व उत्तरे फळ्यावर लिहितात. यांतले बरोबर कोणते आणि चूक कोणते, हे मात्र सांगत नाहीत. प्रत्येक उत्तर हा एक अंदाज आहे, आणि अंदाज तपासून पाहायचा असतो. तपासण्यासाठी त्या तीन प्रश्न विचारतात. बदलायचे काय? सारखे ठेवायचे काय? मोजायचे काय?

पाच गट पडतात. प्रत्येक गटाला एकाच पुड्यातली ५० ग्रॅम तूरडाळ, ४०० मिलिलिटर पाणी, एकसारखे पातेले आणि झाकण.

पहिला गट: नळाचे पाणी, कोरडी डाळ.
दुसरा गट: बोअरचे पाणी, कोरडी डाळ.
तिसरा गट: बोअरचे पाणी आधी दहा मिनिटे उकळून, गार करून, वरचे निथळून घेतलेले, कोरडी डाळ.
चौथा गट: नळाचे पाणी, त्यातच एक तास भिजवलेली डाळ.
पाचवा गट: बोअरचे पाणी, कोरडी डाळ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा.

आता ‘मोजायचे काय?’ हा प्रश्न. मुले म्हणतात, डाळ शिजायला लागणारा वेळ. पण शिजली म्हणजे नेमके काय झाले? एकाला शिजलेली वाटते ती दुसऱ्याला कच्ची वाटते. येथे वर्गात बरीच वादावादी होईल, आणि ती होऊ द्यावी. कारण मोजण्याआधी व्याख्या करावी लागते, हे विज्ञानातले फार मोठे तत्त्व मुले येथे आपापली शिकतात. एक सोपी व्याख्या अशी करता येईल: पाणी उकळल्यावर डाळ टाकायची आणि घड्याळ लावायचे. दर पाच मिनिटांनी चमच्याने दहा दाणे काढून थंड पाण्यात टाकायचे आणि चमच्याच्या पाठीने दाबायचे. दहापैकी नऊ दाणे पूर्ण चेपले, की डाळ शिजली. चौथ्या गटाने भिजलेली डाळ निथळून ठेवायची आणि तेच पाणी उकळायचे, म्हणजे सर्वांना नियम सारखा राहील.

बोअरचे पाणी पिण्यायोग्य असल्याची खात्री नसेल, तर त्यात शिजवलेली डाळ खाऊ नये.

पाण्यात असते तरी काय?

डाळ शिजत असताना दुसरा छोटा प्रयोग करता येतो. दोन सारख्या बाटल्यांत नळाचे व बोअरचे पाणी समान घ्या. दोन्हींत अंगाच्या साबणाचे पाणी थेंब थेंब टाकून बाटली हलवा आणि टिकाऊ फेस येण्यास किती थेंब लागतात ते मोजा. (कपडे धुण्याची पावडर येथे चालणार नाही.) ज्या पाण्याला चटकन फेस येतो ते सुफेन, आणि ज्याला फेस येण्याऐवजी पांढुरका चोथा येतो ते दुष्फेन. पुणे काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसॉल्टवर वसले आहे. या खडकाच्या भेगांतून मुरताना पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळतात. म्हणून बोअरचे पाणी बहुधा दुष्फेन असते.

आता याचा डाळीशी संबंध पाहू. वनस्पतीच्या पेशी एकमेकींना चिकटून राहतात त्या पेक्टिन नावाच्या पदार्थामुळे. डाळ शिजताना हे पेक्टिन विरघळते, पेशी सुट्या होतात आणि दाणा मऊ पडतो. पाण्यात कॅल्शियम असले, तर ते पेक्टिनच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधून टाकते. मग पेक्टिन सहज विरघळत नाही आणि दाणा टणक राहतो. आजीने पेक्टिनचे नावही ऐकलेले नसेल, पण तिचे निरीक्षण अचूक होते!

तिसऱ्या गटाचे काय? दुष्फेनता दोन प्रकारची असते. कॅल्शियम बायकार्बोनेटमुळे आलेली दुष्फेनता पाणी उकळले की बरीच कमी होते. त्याचा कार्बोनेट होऊन तळाशी पांढरा थर बसतो. बंबात किंवा गिझरमध्ये साचतो तो हाच. पण क्षार सल्फेट व क्लोराइड या स्वरूपात असतील, तर उकळून ते जात नाहीत. म्हणून तिसऱ्या गटाची डाळ लवकर शिजो अथवा न शिजो, दोन्ही निकालांतून त्या बोअरच्या पाण्याबद्दल काहीतरी कळतेच. प्रयोग ‘फसला’ असे म्हणण्याची वेळ येत नाही.

पाचव्या गटाची डाळ मऊ झालेली दिसेल, कारण सोड्याने पाणी अल्कधर्मी होते आणि अशा पाण्यात पेक्टिन लवकर सुटते. मात्र थायामिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, अल्कधर्मी पाण्यात उष्णतेने लवकर नष्ट होते. डाळ हा आपल्या जेवणातील थायामिनचा एक चांगला पुरवठा आहे. तेव्हा सोड्याने वेळ वाचतो, पण जीवनसत्त्व जाते.

तापमापक ९८ का दाखवतो?

पाणी उकळत असताना एखादा विद्यार्थी प्रयोगशाळेतला तापमापक त्यात धरील, आणि गोंधळून म्हणेल, “बाई, तापमापक बिघडला आहे. १०० ऐवजी ९८ दाखवतो!” बाईंनी लगेच उत्तर देऊ नये. “दुसरा तापमापक लावून पाहा,” एवढेच म्हणावे. दुसराही ९८ च्या आसपासच थांबला, की मुले विचारात पडतात.

तापमापक बिघडलेला नाही. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. जितके उंच जावे तितका हवेचा दाब कमी, आणि दाब कमी झाला की उत्कलनबिंदूही खाली येतो. दर ३०० मीटरला साधारण एक अंश. म्हणून पुण्यात पाणी सुमारे ९८ अंश सेल्सिअसला उकळते आणि महाबळेश्वरला सुमारे साडेपंचाण्णव अंशांना. प्रेशर कुकर याच्या उलट करतो. आतला दाब वाढवून तो पाण्याचे तापमान १२० अंशांच्या जवळ नेतो. म्हणूनच त्यात डाळ इतक्या लवकर शिजते. आणखी एक गोष्ट यातून निघते. उघड्या पातेल्यात पाणी एकदा उकळू लागले, की ज्योत कितीही मोठी केली तरी तापमान ९८ च्या वर जात नाही. मग जादा गॅस जातो कोठे? तो पाण्याची वाफ करण्यात जातो.

याचा हिशेब करू. एक लिटर पाणी २५ अंशांपासून ९८ अंशांपर्यंत तापवण्यास सुमारे ३०५ किलोज्यूल उष्णता लागते. आणि उकळत्या पाण्यातल्या फक्त १०० ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास लागते सुमारे २२६ किलोज्यूल! म्हणजे अर्धी वाटीभर पाणी वाफ होऊन उडाले, की सबंध लिटर तापवण्याच्या जवळजवळ पाऊणपट उष्णता वाया गेली. स्वयंपाकाचा एक ग्रॅम गॅस जळाला की सुमारे ४६ किलोज्यूल उष्णता मिळते, आणि तिचा जेमतेम दोन-तृतीयांश भाग पातेल्याला लागतो. यावरून त्या वाफेपायी सात ते आठ ग्रॅम गॅस गेला. घरच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. रोज दोन वेळा असे झाले तर वर्षाकाठी किती गॅस जाईल, याचा हिशेब तुम्हीच करा. उत्तर पाच किलोच्या वर आले पाहिजे.

निर्णय कोणी घ्यायचा?

येथे पदार्थविज्ञानाचा तास संपला असता. गृहविज्ञानाचा संपत नाही, कारण या विषयात शेवटी एक निर्णय घ्यावा लागतो: मग आमच्या घरी डाळ कशी शिजवावी?

आणि या प्रश्नाचे उत्तर बाईंजवळ नसते. बाईंना पेक्टिन ठाऊक आहे, उत्कलनबिंदू ठाऊक आहे. पण वर्गातल्या साठ मुलांची साठ स्वयंपाकघरे त्यांना ठाऊक नाहीत. एकीच्या घरी नळाला सकाळी दोनच तास पाणी असते. तिने पिण्याच्या पाण्याबरोबर डाळीपुरतेही भरून ठेवावे. एकाची आई पहाटे कामाला जाते. त्याने रात्री झोपताना डाळ भिजत घातली तर तिचा वेळ वाचेल. एका घरी कुकर आहे, एका घरी नाही. तेथे घट्ट झाकण आणि मंद ज्योत यांवर भागवावे लागेल. ही माहिती फक्त विद्यार्थ्याजवळ असते. म्हणून गृहविज्ञानात विद्यार्थ्याला मध्यभागी ठेवायचे ते केवळ त्याला बरे वाटावे म्हणून नव्हे. धड्यासाठी लागणारी निम्मी माहिती त्याच्याकडेच असते. तो बोलला नाही तर धडा अपुरा राहतो.

म्हणून तासाच्या अखेरीस प्रत्येकाने वहीत आपल्या घरची कृती लिहावी आणि प्रत्येक पायरीपुढे तिचे कारण द्यावे. गुण कारणांना असावेत. दोन मुलांच्या कृती वेगळ्या आल्या, तरी दोन्ही बरोबर असू शकतात. मात्र वहीतल्या निरीक्षणांशी न जुळणारी कृती चूक समजावी.

शिक्षकांसाठी चार शब्द

अशा धड्याला वेळ लागतो. ३५ मिनिटांच्या तासात तो बसत नाही. जोडतास घ्यावा लागेल. अभ्यासक्रमातला प्रत्येक पाठ असा घेणे शक्य नाही आणि इष्टही नाही. एका सत्रात असे दोन-तीन धडे झाले, तरी मुलांची विचार करण्याची सवय बदलू लागते.

काही गोष्टी मात्र मुलांनी शोधून काढायच्या नसतात. त्या आधी स्पष्ट सांगायच्या असतात. गॅसचा वास आला तर विजेचे बटण दाबू नये, काडी पेटवू नये. रेग्युलेटर बंद करून खिडक्या उघडाव्यात. कुकरमधली वाफ पूर्ण गेल्याशिवाय झाकण उघडू नये. शेगडीजवळ ओढणी किंवा सैल बाह्या लोंबत ठेवू नयेत. या बाबतीत ‘करून पाहा’ म्हणणे हा बेजबाबदारपणा होईल. सांगायचे कोठे आणि थांबायचे कोठे, हे ओळखणे हेच या पद्धतीतले शिक्षकाचे कौशल्य आहे.

पुणे जिल्ह्यातच, शिरूर तालुक्यातल्या पाबळ येथे, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. ‘करत करत शिकणे’ हे त्याचे सूत्र. तेथून शाळांसाठी तयार झालेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण आणि शेती व पशुपालन यांच्या जोडीला ‘गृह व आरोग्य’ हा विभाग बरोबरीने आहे, आणि तो मुलगे व मुली दोघेही शिकतात. स्वयंपाकघर आणि कार्यशाळा यांच्यामधली भिंत काढता येते, हे पाबळने दाखवले आहे.

घरी करून पाहा

१. एक लिटर पाणी मंद ज्योतीवर झाकण ठेवून दहा मिनिटे उकळा. मग तेवढेच पाणी मोठ्या ज्योतीवर झाकणाशिवाय दहा मिनिटे उकळा. दोन्ही वेळा पाणी थंड झाल्यावर मोजा. किती उडाले? त्यापायी किती ग्रॅम गॅस गेला? (मोठी माणसे जवळ असतानाच हा प्रयोग करावा.)

२. पाण्यात हळद व तेल टाकल्याने डाळ खरोखर लवकर शिजते का? हे तपासण्याचा प्रयोग आखा. काय बदलाल, काय सारखे ठेवाल, काय मोजाल?

३. चिंच किंवा आमसूल आमटीत डाळ शिजल्यानंतरच का घालतात? आधी घातले तर काय होईल? आजीला विचारा, अंदाज लिहा आणि मग प्रयोग करा.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथे दिलेले नाही. ते तुमच्या पातेल्यात आहे.